एका शब्दाआड राहिलेला माणूस

२०२४च्या जुलैअखेरीस पॅरिसहून बातम्या येत होत्या तेव्हा आमच्या घरी टीव्ही बंद होत नव्हता. मनू भाकरने नेमबाजीत दोन दिवसांच्या अंतराने दोन कांस्यपदकं घेतली. त्यानंतर लगेचच, १ ऑगस्टला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य घेतलं आणि कोल्हापुरात गुलाल उधळला गेला. त्या दोन्ही बातम्यांत एक शब्द सारखा ऐकू येत होता. मनू ही एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन पदकं जिंकणारी ‘स्वातंत्र्यानंतरची’ पहिली भारतीय. स्वप्नीलच्या निमित्ताने आठवण निघाली ती १९५२च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांची, म्हणजे ‘स्वतंत्र भारताच्या’ पहिल्या वैयक्तिक पदकाची.

बातमीदार हा शब्द सावधपणे वापरतात, कारण त्याच्या मागे एक माणूस उभा आहे. तो गाळता येत नाही आणि त्याचं नाव घेतलं की लांबलचक खुलासा करावा लागतो. नॉर्मन गिल्बर्ट प्रिचर्ड. जन्म कलकत्त्याच्या अलीपूरचा. याच पॅरिसमध्ये, त्याआधी बरोबर १२४ वर्षं, त्याने दोन रौप्यपदकं मिळवली. एक दोनशे मीटर धावण्याचं, दुसरं दोनशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचं.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘पहिले’ असा कळवला तेव्हा मला दुसरं नाव सुचलंच नाही. हा माणूस भारतीय होता की इंग्रज, यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. तो धावायचा कसा, शिकला कुठे, आणि त्या दिवशी गवतावर त्याने नेमकं काय केलं, यावर फार थोडं. मला ते हवं होतं. म्हणून हिवाळ्यात कोलकात्याला गेलो.

मेंढ्या आणि फळ्या

पण त्याआधी हर्डल्स म्हणजे काय ते नीट पाहायला हवं होतं. पुण्यातल्या एका सिंथेटिक ट्रॅकवर दोन सकाळी बसून राहिलो. लांबून पाहिलं की वाटतं, मुलं उड्या मारताहेत. जवळ बसलं की पहिली गोष्ट कळते ती ही, की चांगला हर्डलर उडी मारत नाही. उडी मारली की माणूस हवेत जातो आणि हवेत पाय ढकलायला काही नसतं. तिथेच वेळ जातो. म्हणून तो अडथळ्यावरून पाऊल टाकतो, फक्त ते पाऊल फार मोठं असतं. पुढचा पाय, ज्याला तिथले सगळे ‘लीड लेग’ म्हणत होते, तो सरळ होत फळीवरून जातो. छाती मांडीवर झुकते, आणि मागचा पाय गुडघ्यात दुमडून कुशीतून आडवा पुढे येतो. डोकं जवळजवळ एकाच पातळीत राहतं. मागच्या मुलाचं डोकं वरखाली होत होतं, तेवढ्यावरून तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला परत पाठवलं.

दुसरी गोष्ट मोजणीची. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत दहा अडथळे असतात, प्रत्येक १.०६७ मीटर उंच. दोन अडथळ्यांमध्ये ९.१४ मीटर, आणि त्या अंतरात पावलं तीनच. चौथं पाऊल पडलं की पाय बदलतो आणि सगळी शर्यत विस्कटते. ९.१४ हा विचित्र आकडा आला कुठून? दहा यार्डांतून. म्हणजे आजही जगभरचे धावपटू एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी यार्डातच धावतात.

अडथळाही तिथलाच. ‘हर्डल’ म्हणजे मूळ इंग्रजी खेड्यातली मेंढ्या कोंडायची लाकडी चौकट. आपल्याकडे धनगर रात्री मेंढ्या बसवताना जाळीची वाघर लावतात, तसा तिकडे या चौकटींचा वाडा करत. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १८६०च्या दशकात त्या चौकटी शर्यतीच्या मार्गात जमिनीत रोवल्या आणि त्यांवरून धावायला लागले. रोवलेली चौकट पडत नाही. पाय लागला तर माणूस पडतो, गुडघा फुटतो. त्यामुळे जुने धावपटू दोन्ही पाय पोटाशी घेऊन उंच उडी मारत. भीतीच तशी होती. पुढे रोवलेल्या चौकटींच्या जागी जमिनीवर नुसत्या ठेवलेल्या, धक्का लागला तर पडणाऱ्या चौकटी आल्या आणि धावपटूला फळीच्या जवळून जाण्याची हिंमत करता येऊ लागली. आजचा इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा, पाय लागताच पुढे कलंडणारा अडथळा तर १९३५च्या सुमाराचा.

प्रिचर्डची खास शर्यत होती ती आता ऑलिम्पिकमध्ये नाही. दोनशे मीटर, दहा अडथळे, पण बुटके, अडीच फुटांचे. दोन अडथळ्यांत वीस यार्ड. ही शर्यत १९०० आणि १९०४ या दोनच ऑलिम्पिकमध्ये झाली. बुटक्या अडथळ्यांमुळे ती सोपी वाटते. प्रत्यक्षात तिथे लपायला जागा नसते. उंच अडथळ्यांत कौशल्याने वेगाची उणीव थोडी झाकता येते. इथे मात्र मुळात पळण्याचा वेग हवा आणि तो दहा वेळा मोडू न देण्याची लयही हवी. दोन्ही एका अंगात असणारे थोडेच.

मैदान

कोलकात्यात पहाटे मैदानावर पोचलो तेव्हा धुकं होतं आणि धुक्यात मेंढ्या चरत होत्या. मी थांबून पाहतच राहिलो. शहराच्या मध्यभागी, व्हिक्टोरिया मेमोरियलच्या पांढऱ्या घुमटाच्या समोर, कळपच्या कळप.

मैदान म्हणजे मुळात फोर्ट विल्यमच्या तोफांसाठी मोकळी ठेवलेली जागा. शत्रू आला तर गोळा अडू नये म्हणून जंगल तोडून ती सपाट केली. जमीन आजही सैन्याची. पक्कं बांधकाम करायला बंदी, त्यामुळे इथल्या क्लबांच्या जागेला आजही ‘तंबू’ म्हणतात. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन स्पोर्टिंग ही सगळी नावं याच गवतावर मोठी झाली. या मोठ्या क्लबांच्या पलीकडे छोटे क्लब आहेत, कनातीएवढी खोली, बाहेर दोरीवर वाळत घातलेले मोजे, चहाची किटली. हिवाळ्यात तिथे ॲथलेटिक्स चालतं. एक माणूस डब्यातून चुना सोडत वाकून लेन आखत होता. गवत ओलं होतं, मध्येमध्ये खड्डे होते. लेन संपली तिथे दोन मेंढ्या उभ्या होत्या, त्यांना हाकलून मुली स्टार्टला वाकल्या.

प्रिचर्ड याच शहराच्या गवतावर धावायला शिकला. बंगाल प्रांताच्या स्पर्धेत शंभर यार्डांचं विजेतेपद त्याने १८९४ ते १९०० अशी सलग सात वर्षं आपल्याकडे ठेवलं. चारशे चाळीस यार्ड आणि एकशेवीस यार्ड हर्डल्सही जिंकली. वेगवान धावणारा, लांब टिकणारा आणि अडथळे घेणारा, असे तिन्ही गुण एकाच्या अंगी होते. दोनशे मीटर अडथळ्यांची शर्यत नेमकं हेच मागते.

तो फुटबॉलही खेळायचा. जुलै १८९७मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजकडून शोभाबाजार क्लबविरुद्ध त्याने तीन गोल केले आणि भारतातल्या खुल्या स्पर्धेतली ती पहिली हॅटट्रिक मानली जाते. समोरचा संघ साधा नव्हता. याच शोभाबाजारने १८९२मध्ये ट्रेड्स कपात ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं, आणि गोऱ्या संघाला हरवणारा पहिला देशी क्लब म्हणून त्यांचं नाव शहरात घेतलं जात होतं. पुढे १९०० ते १९०२ प्रिचर्ड इंडियन फुटबॉल असोसिएशनचा सचिव होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. त्या काळच्या मैदानावर सगळ्यांना सारखी जागा नव्हती. गोऱ्यांचे क्लब वेगळे, देशी क्लब वेगळे. बोटीने विलायतेला जाणं, तिथल्या क्लबात नाव नोंदवणं, हे प्रिचर्डला जमलं कारण तो इंग्रज घरातला होता. त्याच्याइतक्याच वेगाने धावणारा एखादा बंगाली मुलगा त्या वेळी असेल, तर त्याच्यासाठी पॅरिस अस्तित्वातच नव्हतं. प्रिचर्डचं कौतुक करताना मला हे विसरायचं नाही.

बुलोन्यचं गवत

१९००मध्ये प्रिचर्ड इंग्लंडला गेला. लंडन ॲथलेटिक क्लबात दाखल झाला आणि जुलैच्या सुरुवातीला इंग्लंडच्या ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत एकशेवीस यार्ड हर्डल्समध्ये दुसरा आला. पहिला आलेला माणूस होता आल्विन क्रेन्झलाइन.

क्रेन्झलाइनबद्दल सांगितल्याशिवाय प्रिचर्डच्या रौप्याची किंमत कळत नाही. हा मिलवॉकीचा जर्मन वंशाचा अमेरिकन, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दंतवैद्यकी शिकणारा. सरळ पुढे टाकलेल्या पायाने अडथळा पार करण्याची रीत आधी काहींनी करून पाहिली होती, पण ती पक्की करून जगाला दाखवली ती याने. पुण्यातल्या ट्रॅकवर मी जे पाहिलं, त्याची मुळं इथे आहेत. त्या पॅरिसमध्ये त्याने साठ मीटर, ११० मीटर हर्डल्स, २०० मीटर हर्डल्स आणि लांब उडी अशी चार वैयक्तिक सुवर्णं तीन दिवसांत घेतली. एका ऑलिम्पिकमध्ये ॲथलेटिक्सची चार वैयक्तिक विजेतेपदं मिळवणं आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. त्यातली लांब उडी त्याने एका सेंटिमीटरने जिंकली. त्याचा प्रतिस्पर्धी मायर प्रिन्स्टीन याला त्याच्या विद्यापीठाने रविवारी खेळायला मनाई केली होती, त्यामुळे त्याची शनिवारची उडी धरली गेली आणि क्रेन्झलाइनने रविवारी येऊन ती ओलांडली. प्रिन्स्टीनचा राग मी समजू शकतो.

शर्यती झाल्या त्या बुलोन्यच्या वनात, क्रुआ-कातलाँ इथे, रेसिंग क्लब द फ्रान्सच्या मैदानावर. पाचशे मीटरचा गवताचा गोल, आणि जमीन उंचसखल. झाडं इतकी जवळ की फेकलेल्या थाळ्या फांद्यांत जात. पॅरिसमध्ये तेव्हा जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि खेळ हा त्या प्रदर्शनाचा एक भाग होता. ‘ऑलिम्पिक’ हा शब्द फारसा कुणी उच्चारतही नव्हतं. आज आपण ज्याला रौप्यपदक म्हणतो, तो क्रमांक नंतर यादीत लिहिला गेला. सुवर्ण-रौप्य-कांस्याची रीत १९०४पासूनची.

अमेरिकन विद्यापीठांतल्या मुलांना घरी अंगाराच्या चुऱ्याचे, रोलर फिरवलेले ट्रॅक होते. ओल्या गवतावर धावणं त्यांना जड गेलं असं वाचलं की मला मैदानावरची ती पहाट आठवते. प्रिचर्डला गवत नवं नव्हतं. हा माझा अंदाज आहे, पण पायाखालच्या जमिनीची सवय ही धावणाऱ्याची अर्धी कमाई असते, हे गावच्या जत्रेत अनवाणी पळालेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

१४ जुलैला ११० मीटर हर्डल्सची अंतिम शर्यत झाली. प्रिचर्ड तिच्यात पोचला होता, पण शर्यत पुरी करू शकला नाही. क्रेन्झलाइन १५.४ सेकंदांत पहिला. (आपल्या महाराष्ट्राच्या तेजस शिरसेने मे २०२४मध्ये फिनलंडमध्ये याच शर्यतीत १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मधल्या १२४ वर्षांत गवत गेलं, बूट बदलले, अडथळे पडायला शिकले. दहा यार्ड मात्र तेच राहिले.)

दोन दिवसांनी, १६ तारखेला, दोनशे मीटर हर्डल्स. पुन्हा समोर क्रेन्झलाइन, आणि वॉल्टर ट्यूक्सबरी. क्रेन्झलाइन २५.४ सेकंदांत जिंकला. प्रिचर्ड दुसरा, ट्यूक्सबरी तिसरा. हा ट्यूक्सबरी साधा गडी नव्हता. त्याच पॅरिसमध्ये चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत त्यानेच जिंकली. अशा माणसाला मागे टाकून अडथळ्यांच्या शर्यतीत दुसरा येणं, तेही ४८ तास आधी एक शर्यत अर्धवट सोडल्यावर, हे मला त्याच्या दोन पदकांतलं मोठं वाटतं. सहा दिवसांनी, २२ जुलैला, साध्या दोनशे मीटरमध्ये ट्यूक्सबरीने फेड केली. तो २२.२ सेकंदांत पहिला, प्रिचर्ड दुसरा. तिसरा आला सिडनीचा स्टॅन रॉली.

कुणाचा?

रॉलीचं नाव मी मुद्दाम घेतलं. प्रिचर्डच्या राष्ट्रीयत्वाचा वाद साधारण असा आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती त्याची पदकं भारताच्या नावावर धरते. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या आकडेवारीत मात्र ती ब्रिटनकडे आहेत. ब्रिटिश इतिहासकारांचं म्हणणं, इंग्लंडच्या स्पर्धेतल्या कामगिरीनंतर तो तिथल्या संघाबरोबर पॅरिसला गेला, लंडनच्या क्लबाचा सदस्य होता, आईबाप इंग्रज. दुसरी बाजू म्हणते, जन्म कलकत्त्याचा, शाळा-कॉलेज कलकत्त्याचं, सगळी विजेतेपदं बंगालची.

आता त्याच्या मागोमाग तिसऱ्या आलेल्या रॉलीकडे बघा. जुलै १९००मध्ये ऑस्ट्रेलिया नावाचं राष्ट्र नव्हतं. वेगवेगळ्या वसाहती एकत्र येऊन ते १ जानेवारी १९०१ला झालं. तरी रॉलीची तिन्ही कांस्यपदकं ऑस्ट्रेलियाच्या नावावर आहेत, आणि त्यावर कुणाची झोप उडत नाही. शिवाय हाच रॉली पाच हजार मीटर सांघिक शर्यतीत एक माणूस कमी पडला म्हणून ब्रिटिशांच्या संघातून धावला आणि तिथे त्याला सुवर्ण मिळालं. १९००चं पॅरिस असं होतं. क्लबांनी, विद्यापीठांनी आणि एकेकट्या माणसांनी तिथे नावं दिली. राष्ट्रांचे रकाने नंतर आखले आणि माणसं त्यांत बसवली. भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली तीच १९२७मध्ये.

माझं मत विचाराल तर, प्रिचर्डची जडणघडण कलकत्त्याची होती आणि त्याचं श्रेय त्या गवताला मिळायला हवं. तो आपला ‘देश’ म्हणून भारतासाठी धावला, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याने तसं काही म्हटल्याचा दाखला नाही आणि ते त्याच्या तोंडी घालणं अन्याय होईल.

या वादात मराठी माणसाला उगीच एक बोच असते, ती मला माझ्या घरातही दिसली. प्रिचर्डला पहिला म्हटलं तर आपले खाशाबा दुसरे होतात का? मला ती तुलनाच चुकीची वाटते. भारतीय म्हणून, भारतीयांच्या पैशाने, पथक करून ऑलिम्पिकला जाण्याची वाट पुण्यातून निघाली. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी मुलं पाहून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२०ला अँटवर्पला पथक गेलं. फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. बत्तीस वर्षांनी गोळेश्वरचे खाशाबा हेलसिंकीला गेले, ते गावकऱ्यांची वर्गणी आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभे केलेले सात हजार रुपये घेऊन. तिथल्या मॅटवर मिळालेलं कांस्य हे त्या सगळ्या वाटेचं फळ. प्रिचर्डच्या मागे अशी वाट नव्हती, आणि त्याच्यानंतर त्याच्या पावलांवरून कुणी गेलंही नाही. दोघांना एकाच शिडीवर उभं करून वरची पायरी कुणाची हे ठरवण्यात दोघांचीही गोष्ट हरवते.

सान्स सूसी

कोलकात्यात दुपारी पार्क स्ट्रीटला गेलो. रस्त्याचं अधिकृत नाव आता मदर तेरेसा सरणी. सेंट झेवियर्सची दगडी भारदस्त इमारत, फाटकात गर्दी, कडक इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं. जेझुइट पाद्र्यांनी १८६०मध्ये सुरू केलेली ही संस्था; जगदीशचंद्र बोस इथे शिकले, रवींद्रनाथांनीही इथल्या शाळेत काही काळ काढला. प्रिचर्ड इथलाच विद्यार्थी.

या जागेवर त्याआधी एक नाटकगृह होतं. ‘सान्स सूसी’. एस्थर लीच नावाच्या नटीने ते उभारलं. १८४३मध्ये प्रयोगाच्या वेळी दिव्यांची ज्योत तिच्या कपड्यांना लागली आणि ती भाजून गेली. नाटकगृह पुढे बंद पडलं आणि ती जागा कालांतराने पाद्र्यांकडे आली. फाटकाशी उभा असताना मला हे सारखं आठवत राहिलं, कारण प्रिचर्डच्या उरलेल्या आयुष्याचा धावण्याशी संबंधच नाही. तो नट झाला.

१९०५मध्ये त्याने कलकत्ता सोडलं. इंग्लंडमध्ये व्यापाराच्या नादाने गेला आणि रंगभूमीवर पोचला. नाव बदललं, नॉर्मन ट्रेव्हर. तिथून अमेरिकेला. १९२०मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर ‘एंटर मॅडम’ हे नाटक गाजलं, त्यात गिल्डा व्हारेसीबरोबर तो होता. मग मूकपट. उंच, ताठ, विलायती सभ्य गृहस्थ किंवा लष्करी अधिकारी, अशा भूमिका त्याच्याकडे येत. १९२६च्या ‘डान्सिंग मदर्स’मध्ये तो आहे, ज्यात तरुण क्लारा बो आहे.

खेळाडूचं शरीर पस्तिशीत बाजूला पडतं, मग माणूस उरलेलं आयुष्य जुन्या कपाटातल्या कपांवर काढतो, असं आपण फार पाहतो. याने तसं केलं नाही. क्रेन्झलाइनही पॅरिसनंतर धावायचा थांबला आणि प्रशिक्षक झाला. १९१६च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी जर्मनीने त्याला करारावर नेमलं होतं, पण युद्ध आलं आणि ते ऑलिम्पिक झालंच नाही. १९२८च्या जानेवारीत तो वारला, वय ५१. प्रिचर्ड त्यानंतर दोन वर्षंही राहिला नाही. ऑक्टोबर १९२९च्या अखेरीस, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला त्याच आठवड्यात, लॉस एंजेलिसमध्ये मेंदूच्या आजाराने तो गेला.

परतल्यावर मी ‘बो जेस्ट’ पाहिला. १९२६चा, रोनाल्ड कोलमनचा. त्यात फ्रेंच फौजेचा मेजर द बोजोले सहाराच्या वाळूत तुकडी घेऊन एका किल्ल्याशी येतो. तटावर सैनिक बंदुका रोखून उभे आहेत, आणि ते सगळे मेलेले आहेत. मेजर म्हणजे नॉर्मन ट्रेव्हर, पन्नाशीतला. मी त्याच्या चालण्याकडे पाहत राहिलो, पुन्हा मागे नेऊन पाहिलं. खांदे सैल, पाऊल लांब, डोकं एका पातळीत. तो वळून हुकूम देतो, ओठ हलतात. मूकपट आहे, त्यामुळे आवाज येत नाही.